मुळशीच्या कातळाचं वय



मुळशीतल्या ताम्हिणी घाटात फिरून आलेली मंडळी मोबाइलमधला एखादा फोटो पुढे धरतात आणि विचारतात, "हे डायनासोरचं अंडं आहे का हो?" फोटोतला दगड खरोखरच गोल असतो, वरचे पापुद्रे सुटत आलेले असतात. पण ते अंडं नसतं. भेगांतून मुरणारं पाणी काळ्या बेसाल्टला कोपऱ्यांकडून आधी कुजवतं. कोपरे झडून जातात आणि आतला टणक गाभा कांद्यासारखा पापुद्रे टाकत गोल होत जातो. आणखी कुणाच्या फोटोत फुटलेल्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी असते. तेही पान नव्हे. भेगेत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज तिथे तसं पसरत गेलेलं असतं. लाव्हाच्या थराच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. त्या वायू वर सुटताना झाल्या आणि पुढे पांढऱ्या गारगोट्यांनी भरल्या.

एवढं ऐकल्यावर लोक हिरमुसतात. मुळशीत नुसता लाव्हाच आहे तर, म्हणजे बघण्यासारखं काही नाही, असा त्यांचा समज होतो. तो समज काढून टाकावा, म्हणून आज बोलतो आहे. आपल्या राज्यात जिथे जिथे प्राचीन प्राण्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष निघाले, त्यांतल्या कितीतरी ठिकाणांचं वय सांगण्याचं काम याच काळ्या दगडानं केलं आहे.

गाळाच्या खडकाची अडचण समजून घ्यायला मुळा नदीच्या पात्रात उतरावं. गेल्या पावसाळ्यात तिथे वाळूचा नवा थर बसला. त्यातला कण प्रयोगशाळेत नेऊन त्याचं वय काढलं, तर उत्तर येईल साडेसहा कोटी वर्षांहून जास्त. कारण तो कण वरच्या डोंगराच्या कातळातून झिजून आलेला आहे. थर मात्र वर्षभराचा. गाळ दुसऱ्याच्या अंगावरचं सामान घेऊन येतो, त्यामुळे त्याच्या कणांवरून त्याचं स्वतःचं वय सहसा कळत नाही. मग त्या थराच्या खाली कोणता लाव्हा आहे आणि वर कोणता, ते पाहायचं. खालच्यापेक्षा तो तरुण आणि वरच्यापेक्षा जुना. पुष्कळ जण विचारतात, कार्बन पद्धत का नाही वापरत? कार्बन-१४ अर्धा व्हायला ५,७३० वर्षं लागतात. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका तो उरतच नाही. कोटींच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही.

दोन लाव्हांच्या मधल्या गाळाकडे विदर्भात फार लवकर लक्ष गेलं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळीच्या आसपास काळ्या दगडांच्या मधल्या थरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, माशांचे अवशेष गोळा केले. लाव्हा एकदम ओतला गेला नाही, मध्ये उसंत होती, तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि मग पुन्हा लाव्हा आला, हे त्या शंखांवरून दिसत होतं. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पाण्यात बुडून गेले. वय पंचेचाळीस. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. मुंबईतही वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या थरात इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा हे त्याहून मोठं नाव. तिथले थर डायनासोरच्या काळातले आहेत. जवळच्या डोंगरगावला सापडलेल्या प्रचंड शाकाहारी डायनासोरला आज 'आयसीसॉरस' म्हणतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ते नाव ठेवलं आहे. पण मला पिसदुऱ्याचं खरं अप्रूप हाडांसाठी नाही, तिथल्या दगड झालेल्या शेणासाठी आहे. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात सूक्ष्मदर्शकाखाली गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण पाहिले आणि २००५ साली तो शोध 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डायनासोर गवत खात होते, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गवत त्यांच्यानंतरचं, असंच मानलं जाई. २०११ साली त्याच शेणातून भाताच्या कुळातल्या गवताचीही खूण निघाली. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मुळशीकरांनी हे आवर्जून ऐकावं. आता या शोधाचं सगळं वजन एका गोष्टीवर आहे: तो थर खरोखर तेवढा जुना आहे का? तिथेच दख्खनचा लाव्हा साक्षीला येतो.

तो वय कसा सांगतो? दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार किरणोत्सर्गी असतो. त्यातला अर्धा १२५ कोटी वर्षांत रूपांतरित होतो आणि त्यातल्या काही भागाचा आर्गॉन वायू बनतो. वितळलेल्या लाव्हातून जुना आर्गॉन निघून जातो, त्यामुळे दगड थिजला की मोजणी शून्यापासून सुरू होते. पण दगड कुजला की साठलेला आर्गॉन गळतो आणि वय चुकीचं येतं. आपल्याकडच्या पावसात न कुजलेला दगड मिळवायला बरीच पायपीट करावी लागते.

म्हणून काही शास्त्रज्ञ तांबड्या पट्ट्यांकडे वळले. ताम्हिणीच्या चढावर कापलेल्या दरडीकडे नीट पाहिलंत, तर काळ्या थरांच्या मधून विटकरी रंगाची आडवी रेघ गेलेली दिसेल. कुठे ती वीतभर असते, कुठे हातभर. एक लाव्हा थिजला, उन्हापावसात त्याची माती झाली आणि त्या मातीवर दुसरा लाव्हा आला. मधल्या काळात दूरच्या कुठल्या ज्वालामुखीची राख उडून त्या मातीवर पडली असेल, तर तिच्यात झिर्कॉन नावाचे स्फटिक सापडतात. आकार मिलीमीटरचा एखादा दशांश. झिर्कॉन जन्मताना युरेनियम पोटात घेतो आणि शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज त्यात जे शिसं आहे, ते युरेनियमपासूनच झालेलं. सह्याद्रीतल्या घाटांमधले असे पट्टे चाळून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या गटानं २०१५ आणि २०१९ साली निष्कर्ष मांडले. सह्याद्रीतल्या लाव्हाचा बहुतेक भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाखांहून कमी वर्षांत साचला. डायनासोर नाहीसे झाले तो हाच काळ. २०१९ सालीच बर्कली विद्यापीठातल्या गटानं आर्गॉनवरून काढलेली वयं प्रसिद्ध केली. त्यांच्या मते बराचसा लाव्हा त्याच सुमारास मेक्सिकोजवळ अशनी आदळला, त्यानंतरचा आहे, तर शोएन यांच्या मते एक मोठा उद्रेक त्याच्या थोडा आधीचा. हा वाद घाटातल्या तांबड्या रेघांवर आणि काळ्या दगडातल्या स्फटिकांवर लढला जातो आहे. जगभरच्या शोधनिबंधांत या थरांची नावं खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी छापली जातात, हे वाचताना मला अभिमान वाटतो.

एवढं सगळं करूनही वय चुकू शकतं. त्याचं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी बुद्रुक गाव आहे. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर सापडला आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं. इथे ज्वालामुखी थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, मग राख आली कुठून? तिच्या काचकणांची घडण सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीशी जुळली. अंतर तीन हजार किलोमीटरांहून जास्त. टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, पण त्याआधीही तो फुटलेला आहे. बोरीची राख कोणत्या स्फोटाची? एका मापनात १४ लाख वर्षं आलं. १९९५ साली दुसऱ्या मापनात ६ लाख ७० हजार आलं. काहींनी रासायनिक घडणीवरून ७५ हजार म्हटलं. नदीनं वाहून आणलेल्या राखेत कोट्यवधी वर्षांच्या आपल्या बेसाल्टचे कण मिसळले, तर वय फुगतं, हे त्यातलं एक कारण. त्या हत्यारांच्या माणसाला लाखो वर्षं मागे न्यायचं की हजारोंवर आणायचं, हे या एका फिकट थरावर ठरतं. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या नदीकाठांवर जे काम केलं आहे, ते पुण्यातल्या शाळांमध्ये शिकवलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि म्हणूनच एक कळकळीची विनंती. दोन काळ्या थरांच्या मधे चिकणमातीचा राखाडी किंवा हिरवट पट्टा दिसला, त्यात शंख किंवा पानाचा ठसा दिसला, तर तो उचकटून घरी आणू नका. शोकेसमध्ये ठेवलेल्या शंखाचं वय काढता येत नाही, कारण त्याच्या वर काय होतं आणि खाली काय, ते दरडीतच राहिलेलं असतं. रस्ता रुंद करताना आणि खाणी खोदताना असे पट्टे एका दिवसात जातात. त्याआधी कुणी ते पाहिलेले असतील, तर निदान नोंद उरते. आधी दुरून फोटो काढा, वरचा आणि खालचा थर दोन्ही दिसतील असा. मग जवळून, शेजारी पेन ठेवून. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून घ्या. आघारकर संशोधन संस्था, डेक्कन कॉलेज किंवा विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, कुठेही तो कागद पोचवा. बघायला जायचं तर ऑक्टोबरअखेर जा. पाणी ओसरलेलं असतं, दरडी पावसानं धुतलेल्या असतात आणि गवत अजून कापलेलं नसलं तरी रस्त्याकडेचे तांबडे पट्टे गाडीतूनही ओळखू येतात. दरडीखाली मात्र उभं राहू नका.