इस्पिक आणि इस्पीट
1956 साली बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. 2004 साली त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. पत्त्यांच्या डावात मात्र मराठी आणि कानडी या जुन्या शेजारणीच होत. मराठी गडी ‘पान’ टाकतो, कानडी गडी ‘एले’. दोहोंचा मूळ अर्थ झाडाचे पान. मराठीत ‘इस्पिक’ हा चारांपैकी एक रंग. कानडीत ‘इस्पीट’ म्हणजे पत्त्यांचा अवघा खेळ. डचांचा ‘क्लाव्हर’, म्हणजे त्रिदळी गवत, मराठीत ‘किल्वर’ झाला, कानडीत ‘कळावर’. संस्कृत ‘राजा’ आणि अरबी ‘गुलाम’ तर दोघींचेही. परक्याचा शब्द घेतल्याने यांपैकी कोणतीही भाषा उणी झाली नाही. सीमेचा निकाल काहीही लागो, एवढे शहाणपण पत्त्यांच्या कॅटात आधीच आहे.