ताटातील बारा ग्रॅम

(वसई येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ ही नावे आपले विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु डोळ्यांना दिसल्यावाचून ती त्यांची होत नाहीत. ती दाखविण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

वसईचे एक हिरवे व एक पिकलेले केळे कापून दोहोंवर आयोडीनचा थेंब टाकावा. हिरवे केळे काळेनिळे होते. पिकलेल्यावर तो रंग फिका पडतो. पिकताना पिष्टाची साखर होते, हे मुलांना न सांगता कळते. सुकेळीच्या गोडीचे मूळही तेथेच आहे.

डाळीचे पीठ पाण्यात कालवून गाळावे. त्यात कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण व मोरचुदाच्या पाण्याचे दोन थेंब घातले की जांभळी छटा येते. ती प्रथिनांची खूण होय. कॉस्टिक सोडा त्वचेस व डोळ्यांस अपायकारक असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतःच करावा.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. तांदळाच्या प्रथिनात लायसीन हा मणी कमी, तो डाळीत विपुल; डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवितो. आपल्या वरणभातामागे हे शास्त्र आहे. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या डॉ. कमला सोहोनी यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्ये व नीरा यांवर संशोधन केले, तेही सामान्यांच्या आहारासाठीच.

हा केवळ परीक्षेचा विषय नव्हे. १९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. २०१४ पासून तो तालुका आपल्या पालघर जिल्ह्यात आहे.

शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिक शाळेतील मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व एकूण १२ ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. तांदळातून सुमारे सात व डाळीतून साडेचार ग्रॅम मिळतात. भाजी धरून हिशेब जेमतेम जुळतो. डाळ निम्मी पडली, तर दोन ग्रॅमांहून अधिक तूट येते. पातळ वरणाने पोट भरते, तूट भरत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, शिक्षकांनी हे गणित वर्गात सोडवून घ्यावे आणि पंचायत सदस्यांनी शाळेत जाऊन शिजण्यापूर्वी डाळ तोलून पाहावी. रसायनशास्त्राचा तो धडा मुलांच्या अंगी लागेल.