खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर भरतकाम, पाककृती, मुलांचे आजार, बचत अशा विषयांवर जाणत्या बायका बोलून गेल्या. मी कोंबडीवर बोलणार, आणि तेही अंड्यांवर बसलेल्या कोंबडीवर, हे ऐकून चिटणीसबाईंना हसू आवरेना. पण आपल्यापैकी किती जणींच्या परसात डालगे आहे, ते पाहा. कालव्याच्या बाजूला उसाचा पैसा येतो, तो घरच्या पुरुषाच्या नावावर. सुपे-मोरगावकडच्या जिरायत भागात पाऊस चुकला, तर तोही नाही. अंडी-पिल्लांचे चार पैसे मात्र बाईच्या हातात पडतात. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

माझी सुरुवात फजितीने झाली, ती आधी सांगते. लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. माझ्याकडे बारा अंडी होती, पण कोंबडी खुडूक नव्हती. शेजारच्या आक्कांची होती. अर्धेलीचा करार ठरला. कोंबडी त्यांची, अंडी माझी, निघतील ती पिल्ले निम्मी निम्मी. मला कोण उत्साह! दिवसातून चार वेळा कोंबडीला उचलून अंडी पाहत होते. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली आणि एका अंड्याला चीर दिसली. पिल्लाला त्रास होतो आहे असे वाटून मी नखाने कवच सोलले. रक्त आले. घाबरून दुसरे सोलले, मग तिसरे. तिन्ही गेली. माझ्या या धांदलीने कोंबडी बिथरून पाटीतून उठली ती रात्रभर परतली नाही. उरलेली अंडी गार पडली. सकाळी दोनच पिल्ले जिवंत होती.

आक्का आल्या. मी म्हटले, “दोन्ही तुम्हीच न्या.” त्यांनी एकच उचलले. म्हणाल्या, “अर्धेली म्हणजे अर्धेली. पण पोरी, महिनाभर तिनं अंडं दिलं नाही, आणि पुढं पिल्लामागं फिरेल तोवर देणारही नाही. माझं मीठ-मिरची त्याच्यावर भागतं.” एवढेच बोलल्या, रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या दिवसापासून मी हे काम शिकायला लागले.

पहिली गोष्ट ही की, कोंबडी खुडूक होते तो आजार नव्हे आणि हट्टही नव्हे. ठरावीक अंडी घालून झाली की तिच्या अंगातला स्रावच बदलतो. ती अंडी देणे थांबवते, खुराड्यात बसून राहते, पिसे फुलवून खुडखुड करते, छातीखालची पिसे झडून तिथली कातडी ऊन लागते. गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठच अंडी देते, त्यामागे हेही एक कारण आहे. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते, कारण माणसाने निवड करीत करीत तिचे हे खुडूकपण काढून टाकले. ‘गिरिराज’, ‘वनराज’ या सुधारित जातीही क्वचितच बसतात. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली घालावीत. उबवण्याची कला तिच्याकडेच राहिली आहे.

तेव्हा कोंबडी खुडूक झाली की आधी विचार करावा, तिला बसवायचे की नाही. बसण्याचे तीन आठवडे आणि पुढे पिल्ले सांभाळण्याचे दीड-दोन महिने तिची अंडी बुडतात. बसवायचे नसेल तर नाकपुडीत पीस खोचणे, पाण्यात बुचकळणे असले प्रकार करू नयेत. जमिनीपासून उंच, खालून वारा लागेल अशा डालग्यात, खाली काही न अंथरता, दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावे. छातीला गारवा लागला की ती आपोआप उठते.

बसवायचे असेल तर अंडी निवडून घ्यावीत. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, कारण तिथे कोंबडाच नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. अंडे मध्यम आकाराचे, स्वच्छ, तडा न गेलेले आणि आठवड्याच्या आतले हवे. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात चार-पाच दिवसांहून जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात घरातल्या उष्म्यानेच अंड्यात जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. म्हणून अंडी माठाजवळ गारव्याला, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. गावरान कोंबडीला दहा-बारा पुरेत. जास्त घातली तर कडेची थंड पडतात.

पसरट पाटी किंवा जुने घमेले घ्यावे. तळाशी थोडी माती, वर कडुनिंबाचा पाला आणि कोरडे गवत किंवा पाचट अंथरावे. पाचटाला बुरशीचा वास आला तर ते टाकून द्यावे, ती बुरशी पिल्लाच्या फुप्फुसाला बाधते. जागा अंधारी, वाऱ्याची पण झोताची नव्हे. पत्र्याखाली तर नकोच. कोंबडीला तिथे रात्री हलवावे आणि एक-दोन दिवस टाकाऊ अंड्यांवर बसवून पाहावे. घट्ट बसली की मग खरी अंडी, सगळी एकाच वेळी घालावीत. ऊब लागली की प्रत्येक अंड्याचे एकवीस दिवस सुरू होतात. मागून घातलेले मागेच राहते. अंड्यांवर कोळशाने खूण करावी. दुसरी एखादी कोंबडी येऊन त्यातच अंडे घालते, ते बिनखुणेचे रोज काढून घ्यावे. माझ्या सासूबाई वीज कडाडून अंडी नासू नयेत म्हणून पाटीत खिळा ठेवीत. खिळा ठेवायला हरकत नाही, पण अंडी राखतो तो स्वस्थपणा.

कोंबडी दिवसातून एकदा उठते. खाते, पिते, विष्ठा करते, राखेत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढ्यासाठी दाणा, पाणी आणि राख-मातीचा ढीग जवळच ठेवावा. राखेने उवा-पिसवा कमी होतात. त्यांनी हैराण झालेली कोंबडी पाटी सोडून जाते. एखादी उठतच नसेल तर हलकेच उचलून दाण्यापाशी सोडावी. अंडी उलटवण्याचे काम तीच चोचीने करते, आपण करू नये.

सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या बॅटरीपुढे एकेक अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. नितळ दिसले तर ते काढावे. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा पाहावे आणि मग हात लावू नये. शेवटचे तीन-चार दिवस हवा फार कोरडी असेल तर पाटीभोवती पाणी शिंपडावे. नाही तर आतली त्वचा वाळून पिल्लाला चिकटते.

आणि आता ती माझी चूक. चीर पडल्यापासून बाहेर येईपर्यंत पिल्लाला कधी कधी अख्खा दिवस लागतो. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि आतल्या त्वचेतल्या शिरांतले रक्त आटत असते. आपण घाईने सोललेले कवच म्हणजे उघडी केलेली जखम. पोटातल्या त्या बलकावर पिल्लू पहिला दिवस काढते, म्हणून दाण्याचीही घाई नको. मग बारीक कण्या आणि उथळ ताटलीत खडे टाकून पाणी द्यावे, म्हणजे ते बुडत नाही. पुढे घार, मुंगूस, मांजर यांच्यापासून राखण आई करते. रात्री डालगे नीट झाकणे आपले काम.

एका शत्रूपुढे मात्र आईचे काही चालत नाही. तो म्हणजे राणीखेत, आपली मानमोडी. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब घालतात. पण एका कुपीत शंभर किंवा अधिक पिल्लांची लस असते, आणि ती कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांची बाई कुपी कशी आणणार? म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपण दहा जणींनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात, म्हणजे पिल्लेही एकाच आठवड्यात निघतील. गुरांच्या दवाखान्यातून एक कुपी बर्फातून आणावी आणि एका सकाळी सगळ्यांची पिल्ले उरकावीत. कोंबड्या एकदम मरू लागल्या तरी त्या दवाखान्याला कळवावे, लपवू नये. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा घराघरातल्या गावरान कोंबड्याही माराव्या लागल्या, हे विसरू नका.

आक्कांचे देणे मी पुढच्या वर्षी फेडले. त्यांचीच कोंबडी, माझी अंडी, आणि तिच्या वाटेला मी गेले नाही. अकरा पिल्ले निघाली. मी सगळी पाटीत घालून त्यांच्या दारी नेली. त्यांनी सहा मोजून घेतली आणि पाच परत दिली. म्हणाल्या, “एक जास्त घेतलं, मागच्या सालचं.”

आज आक्का नाहीत. त्यांच्या कोंबडीचा वंश माझ्या परसात आहे. या खेपेस जिला कोंबडी हवी असेल तिने माझ्याकडून न्यावी, अट अर्धेलीचीच.