स्वादुपिंड आणि मज्जातंतू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. मोठे शब्द मला येत नाहीत. पण सासूबाईंचा मधुमेह १५ वर्षे सांभाळते आहे. डॉक्टरांना विचारून आणि वाचनालयातील पुस्तके वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवते.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. ते अन्न पचविणारा रस करते, आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिनही करते. पण ते एकट्याच्या मनाने चालत नाही. मेंदूकडून येणारे मज्जातंतू त्याला रस सोडावयास सांगतात, हे रशियातील पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखविले. पचनावरील कामाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याचे मज्जातंतू तोडून पाहिले, तरीही रस सुटला! म्हणजे स्वादुपिंडाला निरोप रक्तातूनही पोचतो.

इन्सुलिनचेही तसेच. जेवणाची चव जिभेला लागली, की काही मज्जातंतू इन्सुलिन सोडावयास लावतात. भीती वाटली, की दुसरे ते आवरून धरतात. म्हणून काळजीने मधुमेह्याची साखर चढते. साखर फार उतरली, तर हेच मज्जातंतू घाम, थरथर, धडधड अशी घंटा वाजवितात.

परंतु जुन्या मधुमेहात ही घंटाच मुकी होऊ शकते. एका संकष्टीला सासूबाईंनी इन्सुलिन टोचून घेतले आणि उपास धरला. दुपारी त्या असंबद्ध बोलू लागल्या. ना घाम, ना थरथर. कोणी म्हणाले, देवाच्या तंद्रीत आहेत. मी बोट टोचून पाहिले, तर साखर पन्नासच्या खाली! साखरपाणी पाजले, तेव्हा पाव तासाने त्या नीट बोलू लागल्या.

म्हणून सांगते, भगिनींनो, इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास धरू नये. घामाची वाट न पाहता साखर तपासावी. माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

आपल्यापैकी एकीच्या जरी हे लक्षात राहिले, तरी माझे बोलणे कारणी लागले.