भिंतीच्या पोटांत काय आहे?

सन २०२४ च्या २१ मार्च रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत भूकंपाचा धक्का बसला. तो नांदेडकरांसही जाणवला. त्याच वर्षीं १० जुलै रोजीं सकाळीं पुन्हां तसाच धक्का आला. दोहोंची तीव्रता ४.५ होती. परंतु ज्यांच्या घरीं अजून दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद आहे, त्यांच्या मनांत अशा वेळीं किल्लारीचें नांव आल्यावांचून राहत नाहीं. ही भिंत टिकेल काय? हा प्रश्न पूर्वीं गवंड्यास विचारीत. आतां तो गणकयंत्रासही विचारतां येतो. मात्र यंत्रास जी भिंत सांगितली असेल तिच्यापुरतेंच तें उत्तर देतें. सांगितलेली भिंत आणि उभी असलेली भिंत यांत अंतर कोठें पडतें, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम घराचें माप घेतात. तिवईवर बसविलेलें उपकरण सभोंवार फिरत प्रकाशाचा किरण टाकतें, आणि तो भिंतीवरून परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतें. अशीं लक्षावधि अंतरें जमलीं म्हणजे घराच्या आकाराचा बिंदूंचा एक दाट समूह हातीं येतो. शेजारचे तीन तीन बिंदू जोडले कीं त्रिकोण होतात, आणि त्रिकोणास त्रिकोण लागून साऱ्या घरावर जणूं एक कातडें चढतें. हें कातडें मोठें हुबेहूब असतें. कोनाडा, खुंटी, दाराची चौकट, पोपडा सुटलेली जागा, सर्व कांहीं त्यांत ओळखूं येतें. पण त्याला जाडी नाहीं आणि पोटही नाहीं.

भार कसा वाहतो हें काढावयाचें तर पोट हवें. माळवदाचें वजन तुळयांवरून खांबांवर व भिंतींवर येतें आणि पायापर्यंत उतरतें. जमीन हलली कीं तेंच वजन भिंतीस आडवें ढकलूं लागतें. हा सारा व्यवहार भिंतीच्या आंत चालतो. म्हणून त्रिकोणांनीं वेढलेली जागा लहान लहान तुकड्यांनीं भरावी लागते, आणि प्रत्येक तुकड्यावरील ताण शेजारच्या तुकड्यांशीं मेळ घालून गणावा लागतो. तुकडा बहुधा चार त्रिकोणांनीं बंद झालेला असतो. त्यास चतुष्फलक म्हणतात.

भरण्याचें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. कपाटामागची, उतरंडीमागची भिंत किरणास दिसत नाहीं. तेथें कातड्यास भोंक राहतें, आणि भोंक असलें कीं आंत कोणतें व बाहेर कोणतें हेंच यंत्रास कळेनासें होतें. कांहीं त्रिकोण एकमेकांत घुसलेले असतात, कांहींची पाठ उलट झालेली असते. ही डागडुजी अतिशय कंटाळवाणी आहे. बरें, कातडें निर्दोष असलें तरी पोट भरेलच असें नाहीं. शोनहार्ट या गणितज्ञानें १९२८ सालीं एक चमत्कारिक आकृति दाखविली. त्रिकोणी तळाचा खांब घेऊन त्याचा माथा थोडा पिळावा, म्हणजे बाजू आंत दबून ती तयार होते. तिला सहा टोकें व आठ त्रिकोणी तोंडें. पण या सहा टोकांखेरीज नवा बिंदू घेतल्यावांचून ती चतुष्फलकांत तोडतांच येत नाहीं! रशियन गणितज्ञ दलोने यांनीं १९३४ मध्यें मांडलेला नियम आज बहुतेक प्रणालींचा आधार आहे: चतुष्फलकाच्या चारही टोकांतून जाणाऱ्या गोलाच्या आंत दुसरें टोक नसावें. तरीही पापडासारखे चपटे तुकडे उरतातच, आणि ते हिशेब बिघडवितात. बर्लिन येथें हांग सी यांनीं रचलेली ‘टेटजेन’ ही प्रणाली असे तुकडे हुडकून सुधारण्याचें कामही करते.

येथपर्यंत यंत्र निर्धास्त असतें. दोन्ही तोंडें जुळलीं, मधली जागा भरली, आणि साठ सेंटिमीटर जाडीची अखंड भिंत हिशेबास उभी राहिली. किल्लारीच्या भिंतीही पाहणाऱ्यास अशाच भक्कम वाटत. १९९३ च्या ३० सप्टेंबर रोजीं, गणपतीचें विसर्जन करून लोक निजले असतां, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसें गेलीं, आणि तीं बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखालीं गेलीं. पडलेल्या भिंतींचें पोट तेव्हां उघडें पडलें. बाहेरून दगडांचा एक थर, आंतून एक थर, मध्यें गोटे, कपच्या आणि माती. दोन्ही थरांस बांधणारा आरपार दगड बहुधा नाहींच. हादऱ्यासरशीं थर एकमेकांपासून सुटले, मधला भराव खालीं बसला आणि पाचरीसारखा त्यांस बाहेर रेटूं लागला.

पोथीचीं पानें सुटीं असलीं म्हणजे ती सहज वांकते. तींच एकमेकांस चिकटविलीं तर फळी होते. भिंतीचा वांकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. अखंड भिंत धरली तर ६० चा घन २,१६,०००. वीस वीस सेंटिमीटरचे दोन सुटे थर धरले, आणि भरावाचा आधार कांहींच धरला नाहीं, तर २० चा घन ८,०००, दोहोंचे मिळून १६,०००. म्हणजे बाहेरून तंतोतंत तीच दिसणारी भिंत साडेतेरा पटींनीं लेची ठरते. कातड्यावरील एकही त्रिकोण यामुळें बदलत नाहीं.

पोट जाणण्याच्या रीती आहेत. हातोडीनें ठोकून नाद ऐकणें ही गवंड्याची रीत, आणि ती अगदीं टाकाऊ नव्हे. भिंतीस बारीक भोंक पाडून नळीसारखा कॅमेरा आंत घालतां येतो. ध्वनिलहर आरपार पाठवून तिचा वेग मोजतां येतो, कारण सैल भरावांत ती रेंगाळते. जें कळलें तें मग त्रिकोणांच्या भाषेंत मांडावयाचें: भिंतीच्या दोन तोंडांमध्यें आणखी दोन पृष्ठें घालावयाचीं, एक बाहेरील थर व भराव यांच्यामध्यें, दुसरें भराव व आंतील थर यांच्यामध्यें. तिन्ही भाग निरनिराळे भरले जातात, आणि प्रत्येक चतुष्फलक दगडी बांधणीचा कीं मातीचा याची नोंद होते. थर जेथें भरावास चिकटलेला असेल, तेथें दोन्हीकडील तुकड्यांचीं टोकें एकच ठेवतात. जेथें तो सुटूं शकतो, तेथें एकाच जागीं दोन टोकें ठेवून त्यांस वेगळें होण्याची मोकळीक देतात. एवढ्याशा नोंदीनें एकाच भिंतीचे दोन निराळे निकाल येतात.

किल्लारीनंतरच्या दुरुस्तीच्या कामांत एक साधा उपाय सांगितला गेला. भिंतीस आरपार भोंक पाडावयाचें, त्यांत टोकें वळविलेली सळई घालावयाची आणि तें काँक्रीटनें भरून टाकावयाचें. पूर्वीं राहून गेलेल्या दगडाची जागा हा दांडा घेतो. जाळ्यांत तो दोन्ही मधलीं पृष्ठें भेदून जाणारा एक लहानसा भाग म्हणून दाखवितात, आणि असे दांडे किती अंतरावर हवेत हें हिशेब पुन्हां करून पाहतात. माळवदावरची जास्तीची माती उतरविण्याचा दुसरा उपाय असेल, तर त्यासाठीं तेंच जाळें पुरतें. वरच्या मातीचें वजन तेवढें बदलावें लागतें.