नाटककाराची रोजची लेखणी आणि तिचा हक्क
(विहारातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नाट्यलेखनावर बोलावयास एका वकिलास पाचारण केले, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. परंतु मला आज नाट्यशास्त्र सांगावयाचे नाही. मला विशेषेकरून आईबापांशी बोलावयाचे आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर एकांकिका लिहीत बसते आणि आपण विचारतो, "यातून मिळणार काय?" हा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरात पहिली नोकरी कालपरवा आली, त्यांनी तो विचारलाच पाहिजे.

नाटककार म्हणजे स्फूर्तीची वाट पाहत बसणारा रिकामा मनुष्य, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. विजय तेंडुलकर वृत्तपत्रांत नोकरी करीत होते. लेखणीवर पोट आणि त्याच लेखणीवर नाटक, असा त्यांचा क्रम होता. विलेपार्ल्यास अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास निघालेल्या हौशी मंडळींचे बोलणे त्यांच्या कानी पडले, आणि त्यातून १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' उभे राहिले. बेणारेबाईंचे अखेरचे दीर्घ स्वगत तर लेखकाने प्रथम योजिलेच नव्हते. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे ते लिहिले गेले. (त्या न्यायालयात आरोपीविरुद्ध साऱ्यांचे जबाब नोंदले जातात, आणि तिचे म्हणणे मात्र कोणाच्याच कानी जात नाही. वकिलांनी हे नाटक अवश्य पाहावे.) तात्पर्य हे की, संहिता घरी लिहून संपत नाही. नट अडखळला की वाक्य बदलते, तालमीत प्रवेश गळतो, आणि नाटककार घरी परतून पुन्हा लिहावयास बसतो. आजचा तरुण नाटककारही दिवसा कचेरीत बसतो किंवा दूरदर्शन मालिकांचे भाग लिहितो, आणि नाटकासाठी त्याच्या वाट्यास रात्रच उरते. म्हणून त्याला घरात एक कोपरा आणि एक निर्विघ्न तास द्या. मुलगी लिहीत असेल तर हे अधिकच आग्रहाने सांगतो, कारण तिचा तास सर्वांच्या आधी स्वयंपाकघराकडे जातो.

आपल्याकडे ही परंपरा नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर स्त्रीला ग्रहांचे भय घालून तिच्या कुटुंबास लुबाडणारा जोशी त्यात आहे, आणि विद्येकडे वळणारे ते जोडपेही आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, आणि शतकाहून अधिक काळ ते अप्रकाशित राहून १९७९ साली छापले गेले. नाकारलेले हस्तलिखित कोणीतरी जपले, म्हणूनच ते आपल्या हाती आले. प्रेमानंद गज्वी यांनी १९७७ साली 'घोटभर पाणी' ही एकांकिका लिहिली. तीस भरजरी पडदे लागत नाहीत. पाण्याचा प्रश्न आणि बोलणारे नट लागतात. हेच गज्वी २०१९ साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आता माझ्या व्यवसायाकडे येतो. कादंबरी छापण्यापूर्वी कोणाची अनुमती लागत नाही. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगापूर्वी मात्र संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे धाडावी लागते. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वर गंडांतर आले तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि प्रयोगाचा हक्क मिळविला. मंडळाचा शब्द अंतिम नसतो, एवढे ध्यानात ठेवा.

परंतु माझ्या अनुभवात तरुण लेखक मंडळापुढे जितका हरतो, त्याहून अधिक तो स्नेह्यांपुढे हरतो. "आपलेच आहे, कागद कशाला?" या एका वाक्यात कित्येकांचे नाटक गेले. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की, लेखन होताच त्यावरील हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे तो घर-शेताप्रमाणे मुलाबाळांस पोहोचणारी मिळकत आहे. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी शब्दाने जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क जातो. हक्क घेऊन ज्याने वर्षभर त्याचा उपयोग केला नाही, त्याच्याकडून, करारात अन्यथा ठरले नसेल तर, तो हक्क लेखकाकडे परत येतो. नाटकाची मोडतोड करून लेखकाच्या नावलौकिकास बाध आणला तर हक्क विकल्यानंतरही त्यास दाद मागता येते.

तेव्हा प्रत्येक खर्ड्यावर तारीख घाला, एक प्रत घरी ठेवा, प्रत्येक प्रयोगाचे मानधन किती आणि ते केव्हा मिळणार हे लिहून घ्या. "सर्व हक्क कायमचे" असे शब्द दिसले तर तेथे सही करू नका. तो कागद माझ्याकडे घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो, आणि या कामाची फी घेत नाही.