खडस माशाची ओळख
(भंडारदरा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



प्रवरेवरील हे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि त्यामुळे खालच्या भागातील शेती बहरली, हे सर्वश्रुत आहे. परंतु नदी म्हणजे केवळ पाटाचे पाणी नव्हे. तिच्यातील मासा हे गोरगरिबांचे सकस अन्न आहे. गोदावरी व कृष्णा या दोन्ही खोऱ्यांत आढळणाऱ्या अशाच एका माशाविषयी आज बोलावयाचे आहे. तो मासा म्हणजे खडस. त्यालाच खडशी किंवा महाशीर असेही म्हणतात.

मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साईक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या नदीतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. त्यांनी त्याला दिलेले 'खुद्री' हे नाव येथील लोकांच्या बोलीतूनच घेतलेले आहे. ज्या माशाला शास्त्राने आपल्या भाषेतील नाव दिले, तो आज आपल्यापैकी किती जणांना ओळखता येईल?

ओळख कठीण नाही. प्रथम खवले पाहावेत. खडसाचे खवले मोठे असतात. कुशीवरील रेषेवर ते मोजले तर पंचवीस-सत्तावीस भरतात. रोहू, कटला व मृगळ यांच्या त्याच रेषेवर चाळीस किंवा त्याहून अधिक खवले असतात. नंतर तोंड पाहावे. खडसाचे ओठ जाड व मांसल असून त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात. कटल्याला मिशा मुळीच नसतात. एवढ्या दोन खुणा शाळेतील मुलालाही सांगता येतील.

आता त्याचा स्वभाव पाहू. खडस हा वाहत्या, स्वच्छ व खडकाळ पाण्यातील मासा आहे. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढून वाळू-गोट्यांच्या उथळ जागी अंडी घालतो. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते आणि त्यांतून पंधरा-अठरा तासांत पिले बाहेर येतात. खडसाची अंडी संख्येने पुष्कळच कमी असून ती फुटण्यास सुमारे तीन दिवस लागतात. त्या अवधीत पाणी गढूळ झाले, वाळू उपसली गेली किंवा मादीच जाळ्यात सापडली, तर त्या वर्षाची पिढी बुडाली असे समजावे.

समुद्रातही असेच उदाहरण आहे. कोकणच्या बाजारात मिळणारा हेकरू खडकांच्या व प्रवाळांच्या कपारीत राहतो. त्याच्या अनेक जाती आरंभी मादी असतात व मोठ्या झाल्यावर नर बनतात. मोठे मासे तेवढे उचलले, तर नरच उरत नाहीत. माशाचा जीवनक्रम जाणल्याविना मासेमारी करणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय.

लोणावळ्यास टाटांच्या तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास खडसाच्या कृत्रिम प्रजननाचा यशस्वी प्रयोग केला. तेथे तयार झालेले बीज पुढे इतर जलाशयांतही सोडण्यात आले. परंतु सोडलेले बीज जगावयाचे असेल, तर त्याला नदीकाठच्या गावाची साथ हवी.

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणे हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. गरिबाच्या तोंडचा घास काढावा, असे मी म्हणत नाही. इतर मासे खुशाल न्यावेत. मात्र पोटात अंडी असलेला खडस पाण्यात परत सोडावा. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारण्यास तर 1897 च्या कायद्यानेच मनाई केली होती. अशा प्रकारात लहान पिलांसह सारा डोह रिकामा होतो.

म्हणून शिक्षकांना विनंती, की त्यांनी मुलांना खवले मोजावयास शिकवावे. पंचायतींना विनंती, की पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि आपल्या हद्दीतील अंडी घालण्याच्या जागा निश्चित करून तेवढ्या काळापुरत्या राखाव्यात. या कामास निधी लागत नाही. गावाचा एक ठराव आणि तो पाळण्याचा निश्चय पुरेसा आहे.